केसरबाई केरकर : तबकडीत मावले तेवढे

कवीचा अभ्यास करताना त्याची पुस्तके आपल्यासमोर असतात. नाटककाराच्या संहिता मिळतात. परंतु सुमारे पन्नास वर्षांपूर्वी निवर्तलेल्या गायिकेचा अभ्यास करावयाचा तर समोर काय ठेवावे? सुरश्री केसरबाई केरकर यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या शब्दांत देता येते. मागे उरल्या आहेत त्या मोजक्या ध्वनिमुद्रिका, आणि त्यांतील बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या इतक्या थोड्या का आणि त्या ऐकायच्या कशा, हे या चरित्रपाठाचे सूत्र आहे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी या गावी, कलावंत समाजातील घराण्यात झाला. गाणे हा त्या समाजातील स्त्रियांचा परंपरागत व्यवसाय होता. मात्र गाण्याला मिळणारी दाद गाणारीच्या वाट्याला सन्मान म्हणून येईलच असे नव्हते. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई आणि मामा यांच्यासह त्या मुंबईत आल्या. येथे सितारवादक बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, परंतु ते खंडित स्वरूपाचे. गुरू मोठे मिळत होते, तालीम मात्र सलग मिळत नव्हती. या तुटकपणाची बोच त्यांच्या पुढील निर्धाराच्या मुळाशी असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९२१ मध्ये त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. त्या वेळी त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्या वयात गायिका नाव मिळवू लागते, त्या वयात त्यांनी पुन्हा प्रारंभापासून शिकावयास घेतले. (तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी-संसार सांभाळून पदवीचा अभ्यास पुन्हा हाती घेतला आहे, या निर्णयाची किंमत तुम्हांला वेगळी सांगावयास नको.) ही तालीम खाँसाहेबांचे १९४६ मध्ये मुंबईत निधन होईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे चालली.

या गायकीचे वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. खुला आकार, दमसास, लयीशी घट्ट विणलेली तान आणि एका आवर्तनातून पुढच्या आवर्तनात अखंड सरकत जाणारी बढत ही तिची लक्षणे. येथे राग तुकड्यातुकड्यांनी मांडला जात नाही. तो इमारतीसारखा चढत जातो. त्यास वेळ लागतो. तासभर गाइलेल्या ख्यालात शेवटच्या तानेला जे वजन येते, ते आधीच्या सर्व आवर्तनांनी मिळवून दिलेले असते.

आता ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचेच संगीत मावे. ही अडचण केवळ आपल्या गायकांची नव्हती. बर्लिनच्या वाद्यवृंदाचा संचालक आर्थर निकिश याने १९१३ मध्ये बेटहोवेनची पाचवी सिम्फनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ती आठ बाजूंवर विभागावी लागली. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. सिम्फनी कागदावर लिहिलेली असते. एका संचालकाची मुद्रिका सदोष निघाली तरी दुसरा संचालक तीच स्वरलिपी घेऊन उभा राहतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुद्रणांची भर पडत जाते. ख्यालात बंदिश लिहून ठेवता येते, बढत नाही. ती गाणाऱ्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते.

केसरबाईंनी ललत, तोडी, मालकंस, नट कामोद, कुकुभ बिलावल असे राग या तबकड्यांवर गाइले. पण एकंदर ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूष होत्या. या नाखुशीकडे केवळ लहरीपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. जे गाणे उभे राहण्यास तास लागतो ते तीन मिनिटांत कापून विकावयाचे, आणि पुढे त्यावरूनच आपली पारख व्हावयाची, हे त्यांना मान्य नसावे. शिवाय ज्या समाजातील स्त्रीच्या गाण्यावर इतरांनी हक्क सांगितला, त्या समाजातील एका स्त्रीने आपले गाणे कोणी, कोठे आणि कोणत्या अटीवर ऐकावे हे स्वतः ठरवावे, यातही एक न्याय होता.

तरीही दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. केसरबाईंच्या मैफलीचे मानधन मोठे असे. संस्थानिक आणि धनिक हे तिचे मुख्य आश्रयदाते. गिरगावात गाण्याच्या बैठकांना जाणकारांची गर्दी होई, परंतु लालबाग-परळच्या चाळीत राहणाऱ्या, पाळी संपवून घरी येणाऱ्या गिरणी कामगाराला अशा बैठकीची वाट मोकळी नव्हती. त्याच्या कानी असे गाणे आलेच, तर ते कोणाच्या तरी ग्रामोफोनवरून. मुद्रणास दिलेला नकार श्रीमंत रसिकाला फारसा जाणवला नाही. तो जाणवला अशा श्रोत्याला, आणि नंतर जन्मलेल्या आपल्यासारख्या सर्वांना. दूरस्थ शिक्षणाच्या विद्यार्थ्याने हा मुद्दा सहज सोडून देऊ नये.

सन्मान उशिरा आले, पण आले. १९४८ मध्ये कोलकात्यातील संगीतप्रेमींच्या संस्थेने त्यांना सुरश्री ही पदवी दिली, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६९ मध्ये पद्मभूषण. आवाज उतरणीला लागून श्रोत्यांनी पाठ फिरवण्याची वाट न पाहता त्या स्वतःहून मैफलीतून निवृत्त झाल्या. शिष्यांच्या बाबतीतही त्यांचा हात आखडताच राहिला; त्यांची तालीम पुढे नेणाऱ्यांत धोंडूताई कुलकर्णी यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर या दोन अमेरिकी अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवण्यात आली. पृथ्वीवरील सत्तावीस संगीतखंड तीत आहेत. भारताकरिता निवड झाली ती केसरबाईंच्या भैरवीची. संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती, पण तोवर ती ध्वनिमुद्रिका बाजारात दुर्मीळ झाली होती. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात तिच्या प्रती हाती लागल्या. त्याच तबकडीत ऑटो क्लेंपरर याने संचालित केलेला पाचव्या सिम्फनीचा पहिला भाग आहे, सात मिनिटांहून थोडा अधिक. क्लेंपररने बेटहोवेनच्या नऊही सिम्फनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या, पाचवी तर एकाहून अधिक वेळा. निवडणाऱ्यांपुढे पर्याय होते. केसरबाईंच्या बाबतीत साडेतीन मिनिटांची एक बाजू, एवढेच. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबर रोजी उड्डाण केले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले.

या पाठासोबत त्यांची नट कामोदची ध्वनिमुद्रिका मिळवून ती तीनदा ऐका. पहिल्या वेळी केवळ आवाजाचा लगाव ऐका. दुसऱ्या वेळी हाताने ताल धरा आणि सम येण्यापूर्वी आवर्तन कसे भरले जाते ते पाहा. तिसऱ्या वेळी गाणे जेथे थांबते तेथे लक्ष द्या, आणि राग संपला म्हणून ते थांबले की तबकडीतली जागा संपली म्हणून, याची नोंद आपल्या वहीत करा.