दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंनी मुंबईत राहून स्टालिनग्राडची लढाई गायली

ऑगस्ट १९४२. हिटलरच्या फौजा व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राडवर चालून गेल्या. पुढं फेब्रुवारी १९४३ पर्यंत तिथं घराघरात, गल्लीगल्लीत लढाई झाली. शेवटी जर्मन सैन्यानं हात टेकले आणि दुसऱ्या महायुद्धाचं वारं फिरलं.

तेव्हा मुंबईच्या कामगार वस्तीतला विशीतला एक पोरगा या लढाईवर लिहायला बसला. रशिया त्यानं कधी पाहिला नव्हता. शाळा म्हणाल तर, जेमतेम दीड दिवस.

त्याचं नाव तुकाराम भाऊराव साठे. आपण त्यांना अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखतो.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. मातंग समाजातलं गरीब घर. लहानपणीच ते वडिलांसोबत पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले. दुकानाच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स बघत अक्षरं जुळवायला शिकले.

स्टालिनग्राडची गोष्ट कामगारांना सांगायची तर कशी सांगायची? वर्तमानपत्रातली पुस्तकी मराठी अनेकांच्या डोक्यावरून जायची. मग अण्णा भाऊंनी पोवाडा निवडला. शिवरायांचा पराक्रम ज्या डफ-तुणतुण्यावर गावागावात ऐकला जायचा, त्याच चालीत त्यांनी रशियातल्या लोकांची झुंज बसवली. भाषा आपल्या माणसांच्या तोंडची ठेवली. त्यामुळं हजारो किलोमीटर लांबचं युद्ध गिरणीतल्या माणसाला शेजारच्या गावचं वाटायला लागलं.

पुढं या पोवाड्याचा रशियन भाषेत अनुवाद झाला. म्हणजे अण्णा भाऊ रशियाला गेले १९६१ मध्ये, पण त्यांचे शब्द त्यांच्या आधीच तिथं पोहोचले होते.

१९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या माझी मैना गावावर राहिली या छक्कडनं सभा गाजवल्या. १९५९ मध्ये फकिरा कादंबरी आली. तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती.

एवढं नाव झालं, पण गरिबी काही सुटली नाही. आयुष्याची बरीच वर्षं घाटकोपरच्या चिराग नगरच्या झोपडपट्टीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ४८.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

आज शेलूबाजारच्या एखाद्या पोरानं शहरात जाऊन वऱ्हाडीत तोंड उघडलं की लोक हसतात. मग तो आपली बोली लपवायला लागतो. खरंतर फकिरानंतर वर्षभरातच, १९६० मध्ये, उद्धव शेळके यांची धग आली आणि वऱ्हाडी बोली मराठी कादंबरीत ताठ मानेनं उभी राहिली. त्याच्याही आधी वाळव्याच्या एका पोरानं मातीतल्या भाषेत जगाचं युद्ध सांगून दाखवलं होतं.

अण्णा भाऊंच्या जयंतीला दरवर्षी स्टेटस पडतात. येत्या १ ऑगस्टला स्टेटस टाकायच्या आधी स्टालिनग्राडचा पोवाडा वाचा. मनात नको, मोठ्यानं वाचा. कारण तो डफावर गायला लिहिलेला आहे.