मिरजेचे डॉक्टर वानलेस

कर्जत स्टेशनावरून बोरघाट चढून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी काही गाड्या तेथेच न थांबता साताऱ्याच्या मुलुखातून कृष्णाकाठी मिरजेस जातात. मिरज व सांगली यांच्या दरम्यान वानलेसवाडी नावाची वस्ती आहे. आपल्या कर्जत-खालापूर भागातील विद्यार्थ्यांपैकी कोणी तिकडे गेले असल्यास, हे परके नाव मराठी वाडीस कसे चिकटले, असा प्रश्न त्यांना पडला असेल. ज्यांच्या नावाने ही वाडी वसली, त्या पुरुषाची हकीगत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडा देशातील ऑंटारिओ प्रांतात झाला. त्याच्या एकच महिना अगोदर, ३१ मार्च १८६५ रोजी, आपल्या रेल्वेमार्गावरच्या कल्याण गावच्या एका कुटुंबात एक मुलगी जन्मास आली होती. ती पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीस असल्यामुळे काही काळ आपल्या अलिबागेसही त्यांचे बिऱ्हाड होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला, तो दहा दिवसांतच गेला. योग्य उपचार मिळते तर तो वाचता, हे शल्य त्यांच्या मनात राहिले आणि त्यातूनच त्या अमेरिकेस जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने ग्रासून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. ज्या दक्षिण महाराष्ट्रात आनंदीबाई काम करणार होत्या, त्याच भागात अवघ्या दोन-तीन वर्षांत वानलेस येऊन पोहोचले. या दोघांची कधी गाठ पडली नाही. तरी या दोन चरित्रांचा विचार आम्ही नेहमी एकत्रच करतो.

न्यूयॉर्क येथे वैद्यकीची पदवी घेऊन वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. सोबत पत्नी मेरी होत्या. त्या स्वतः शिकलेल्या परिचारिका होत्या, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. आरंभी सांगलीस दवाखाना निघाला. नंतर १८९२ च्या सुमारास ते मिरजेस आले व तेथील बाजारात त्यांनी दवाखाना थाटला. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्स नावाच्या एका धनिकाने पैसा पुरविला आणि १८९४ साली इस्पितळाची इमारत उभी राहिली.

शस्त्रक्रियेच्या कामी त्यांची ख्याती झाली, विशेषतः मोतीबिंदूच्या. डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ झाले की माणूस हळूहळू आंधळा होतो. शेतकऱ्याचे असे झाले म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या हाताला धरून फिरणारे नातवंडही कामातून व शाळेतून जाते. ते गढूळ भिंग काढून टाकले की दिसू लागते. ज्या गावात असा एक म्हातारा काठीवाचून परत येतो, त्या गावास इस्पितळाची निराळी जाहिरात लागत नाही. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे दूरदूरच्या गावांहून रोगी येऊ लागले.

येथपर्यंतची हकीगत एका कुशल सर्जनाची झाली. असे सर्जन मोठ्या शहरांत पुष्कळ होऊन गेले. आमच्या मते वानलेस यांचे खरे मोठेपण पुढच्या कामात आहे. एक डॉक्टर कितीही झटला तरी दिवसाला चोवीसच तास. आणि रोगी गाडीत बसून मिरजेस येईल तेव्हा त्यास उपचार मिळणार. ज्याला गाडीपर्यंतही येववत नाही, त्याचे काय? १८९७ साली त्यांनी इस्पितळाला जोडून वैद्यकीय शाळा काढली. भारतीय ख्रिस्ती तरुण तेथे शिकत आणि शिकून निरनिराळ्या प्रांतांतील मिशनच्या दवाखान्यांत कामास जात. त्याच सुमारास परिचारिकांचेही शिक्षण सुरू झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची सर या शाळेस नव्हती, हे खरे. तशी ऐट तिने मिरवावी असे कोणास वाटतही नसावे. ज्या ठिकाणी पदवीधर डॉक्टर पाऊल टाकीत नसे, तेथे राहील असा जाणता माणूस तयार करणे एवढाच तिचा हेतू होता.

हे आम्ही सविस्तर लिहीत आहो, कारण हा प्रश्न आपल्या दारचा आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत सह्याद्रीच्या कुशीत ठाकर व कातकरी बांधवांच्या किती वाड्या आहेत, हे येथील मुलांस सांगावयास नको. डोंगराळ व आदिवासी मुलुखात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी दंडक आहे. परंतु कागदावरच्या आकड्यास डोंगराची चढण दिसत नाही. पावसाळ्यात सर्पदंश झालेल्यास अथवा अडलेल्या बाईस झोळीत घालून खाली आणतात, आणि तेथून पनवेल किंवा कल्याण गाठावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीस गेलेल्यांना भर पावसात पायीच डोंगर चढावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले.

सरकारी महाविद्यालयांतून डॉक्टर होणाऱ्यांनी एक वर्ष सरकारी सेवा करावी, असे बंधन महाराष्ट्रात आहे. ते योग्यच आहे. मात्र एका वर्षात वाडीची वाट पायाखालची होते न होते, तोच निघण्याची वेळ येते. वानलेस एकोणचाळीस वर्षे राहिले! इतका काळ राहणाऱ्यास ज्याचा डोळा उघडला त्याचा नातूही ओळखतो. शिवाय जो त्याच मातीतला आहे, त्याला राहा म्हणून सांगावे लागत नाही. आज गावोगाव काम करणाऱ्या आशाताई त्या त्या गावच्याच असतात, त्याचे मर्म हेच. ठाकरवाडीतील एखादी मुलगी परिचारिका किंवा डॉक्टर होऊन वाडीजवळच्या केंद्रात बसली, तर तिच्या रोग्यास आपले दुखणे परक्या बोलीत सांगावे लागणार नाही. अशी मुलगी शिकत असेल तर तिच्या शिक्षणाचा खर्च, वसतिगृहाची सोय आणि पुढे तिच्या राहत्या घराची व्यवस्था यांची तजवीज आधी झाली पाहिजे. नुसत्या उपदेशावर कोणी दुर्गम जागी टिकत नाही. वानलेस यांच्यापाठीही मिशन होते, जागा देणारे संस्थानिक होते व पैसा देणारा धनिक होता, हे विसरून चालणार नाही.

कुष्ठरोग्यांसाठी मिरजेस १९०० साली निराळी सोय झाली. १९२० साली क्षयरोग्यांकरिता आरोग्यधाम निघाले. त्याचीच वस्ती ती वानलेसवाडी. ज्या रोगाने आनंदीबाईंचा घास घेतला, त्याच रोगाच्या माणसांस तेथे मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न मिळे. क्षयावर नेमके औषध त्या काळी कोठेच नव्हते. मेरीबाईंचे नाव कोल्हापूरच्या मिशन इस्पितळास देण्यात आले.

१९२८ साली ब्रिटिश सरकारने वानलेस यांस सर ही पदवी दिली व त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. पाच वर्षांनी, १९३३ साली, कॅलिफोर्नियात त्यांचा अंत झाला. त्या वेळी मिरजेत त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत आपापले रोगी तपाशीत होती.