कोरडा कुंचला

व्यावसायिक चित्रकाराला चित्र सुचेनासे झाले तर त्याची चर्चा होते. हौशी माणसाची रंगपेटी माळ्यावर गेली तर घरातल्यांनाही पत्ता लागत नाही. त्याचे दुःख मात्र खोटे नसते. अशा कोरड्या काळाला सामोरे कसे जावे, याचा धडा एका अनपेक्षित माणसाच्या चरित्रात सापडतो. तो माणूस म्हणजे विन्स्टन चर्चिल.

आपल्याकडे हे नाव प्रेमाने घेतले जात नाही, आणि त्याला सबळ कारणे आहेत. हिंदुस्थानच्या स्वराज्याचे ते कट्टर विरोधक होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान तेच होते. तो हिशेब चित्रांनी पुसला जात नाही. तरीही हौशी चित्रकार म्हणून या माणसाने केलेली वाटचाल जाणून घेण्यासारखी आहे.

१९१५ साली दार्दानेल्सची मोहीम फसली आणि नौदलमंत्री चर्चिल यांचे खाते गेले. वय चाळीस. हाताला काम नाही आणि मन सैरभैर. त्या उन्हाळ्यात सरे परगण्यातील एका शेतघरात कुटुंब राहायला गेले होते. तेथे भावजय जलरंगात चित्र काढत असताना ते रेंगाळले. मुलांची रंगपेटी त्यांच्या हाती आली आणि तेथून छंद लागला.

लवकरच तैलरंग आले, आणि पांढऱ्याशुभ्र कॅनव्हाससमोर हा धीट गृहस्थ चक्क घाबरला. आकाशासाठी निळ्या रंगाचा वाटाण्याएवढा ठिपका, तोही भीतभीत. इतक्यात चित्रकार जॉन लेव्हरी यांच्या पत्नी हेझल तेथे आल्या. त्यांनी मोठा कुंचला उचलून निळ्या रंगाचे सपासप फटकारे मारले. कॅनव्हास काही उलटून अंगावर आला नाही! भीती गेली ती कायमची. सुचेल तेव्हा हात चालेल, असे म्हणत बसू नये. हात चालला की सुचते, हा पहिला धडा.

१९२१ साल शोकाचे ठरले. जूनमध्ये आई गेली आणि ऑगस्टमध्ये अडीच-पावणेतीन वर्षांची लाडकी लेक मॅरिगोल्ड. त्यानंतर काही दिवसांतच ते स्कॉटलंडमध्ये नदीकाठी चित्र काढत होते. दुःख हलके झाले नसेल, पण हाताला काम मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात मात्र कुंचला जवळपास थांबला. पहिल्या युद्धात आघाडीवर, तोफांच्या आवाजात त्यांनी चित्रे काढली होती. आता संपूर्ण युद्धकाळात एकच चित्र झाले. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांकाच्या परिषदेनंतर त्यांनी माराकेशची मशीद आणि मागचे बर्फाच्छादित ॲटलास पर्वत रंगवले आणि ते चित्र रूझवेल्ट यांना भेट दिले. २०२१ मध्ये ते लिलावात ८० लाखांहून अधिक पौंडांना गेले. सवड नव्हती, एवढेच या खंडाचे कारण नसावे. निर्णयांच्या ओझ्याखाली रंगांसाठी मन मोकळे राहत नाही. छंदाला थोडी रिकामी जागा लागते.

जुलै १९४५ मध्ये मतदारांनी त्यांना सत्तेवरून दूर केले. सप्टेंबरात ते इटलीतील कोमो सरोवराकाठी गेले, आणि इतक्या वर्षांचा खंड जणू पडलाच नव्हता अशा थाटात रोज चित्रे काढू लागले. १९४७ मध्ये डेव्हिड विंटर या टोपणनावाने पाठवलेली त्यांची दोन चित्रे रॉयल अकादमीने स्वीकारली. १९६५ मध्ये निधन झाले तेव्हा मागे पाचशेहून अधिक चित्रे होती.

छंदावर लिहिलेल्या लेखात त्यांनी हौशी माणसाला मोठ्या कलाकृतीचा हव्यास सोडायला सांगितले आहे. रंगांच्या संगतीत चार घटका मजेत गेल्या की पुरे, असा त्यांचा सूर आहे. हौशी चित्रकाराचे सारे बळ यातच आहे. त्याच्याकडे कोणी गिऱ्हाईक तगादा लावत नाही, कोणी समीक्षक वाट पाहत नाही. त्यामुळे खंड पडला तरी तो गुन्हेगार ठरत नाही. रंगपेटी माळ्यावर गेली असेल तर जाऊ द्यावी. मात्र ती कुठे ठेवली आहे, हे विसरू नये. आणि खाली काढाल तेव्हा पहिला फटकारा मोठ्या कुंचल्याने मारावा.