चार खेचरं आणि एक मोटर

थर्ड इयरला मशीन्स लॅबमध्ये पहिल्यांदा डीसी मोटर उघडली तेव्हा माझ्या वाट्याला ब्रश बदलायचं काम आलं. करंगळीएवढा काळाकुट्ट कार्बनचा तुकडा! याच्यापायी कुणाची झोप उडाली असेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं. मग फ्रँक स्प्रेग वाचला. एडिसन-टेस्लाच्या भांडणावर आपण तासन्‌तास गप्पा मारतो, पण हा गडी मात्र कुणाला ठाऊक नसतो.

जन्म 1857 चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं. 1878 मध्ये तो नौदल अकादमीतून बाहेर पडला. 1882 मध्ये प्रदर्शनासाठी लंडनला गेला असताना तिथल्या भुयारी रेल्वेतला कोळशाचा धूर त्याने खाल्ला आणि विजेवर गाडी चालवायचं वेड डोक्यात शिरलं. पुढच्याच वर्षी एडिसनकडे नोकरी. पण एडिसनचं सगळं लक्ष दिव्यांवर आणि याचं मोटरवर! 1884 मध्ये राजीनामा देऊन याने स्वतःची कंपनी काढली.

तेव्हा शहरांत घोड्यांच्या ट्राम होत्या. वेग ताशी जेमतेम 8-10 किलोमीटर. घोडा दिवसातले काही तासच ओढणार, म्हणजे एका डब्यामागे तबेल्यात कितीतरी घोडे पोसायचे. दाणा, नाल, आजारपण, शिवाय रस्त्यावरची लीद. आपला 'मेंटेनन्स' बरा!

विजेची ट्राम स्प्रेगच्या आधीही होती. 1881 मध्ये सीमेन्सने बर्लिनजवळ ती चालवली होती. पण मोठ्या शहरात, खडबडीत रुळांवर, रोज चालणारी ट्राम ही वेगळीच गोष्ट. 1887 मध्ये स्प्रेगने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराचं काम घेतलं. करारातल्या अटी वाचूनच मला घाम फुटला. 90 दिवसांत वीजघर, वरच्या तारा, 40 डबे आणि 80 मोटरी. काम पसंत पडलं तरच पैसे. रूळ कच्चे टाकलेले आणि काही ठिकाणी चढ 10 टक्क्यांचा. त्यात सही झाल्यावर साहेबांना टायफॉइड!

बरा झाल्यावर एका रात्री तो स्वतः डबा घेऊन चढावर निघाला. डबा वर पोचला आणि मोटर बसली. भोवती बघ्यांची गर्दी. स्प्रेगने सहकाऱ्याला दोष शोधायची 'उपकरणं' आणायला पाठवलं आणि आपण दिवे मालवून बाकावर आडवा झाला. गर्दी पांगल्यावर उपकरणं आली, ती म्हणजे चार धडधाकट खेचरं! व्हायवात असं प्रसंगावधान मला कधी सुचलं नाही.

त्यानंतर मोटर आणि चाक यांच्यामधे गिअरची आणखी एक जोडी घातली गेली. पण त्याची मला सर्वांत आवडलेली युक्ती याआधीची. मोटर डब्यात घट्ट बसवली तर प्रत्येक धक्क्याला गिअरचे दाते एकमेकांपासून सरकतात आणि तुटतात. स्प्रेगने मोटरची एक बाजू बेअरिंगने थेट चाकाच्या आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर टांगली. आता चाक उसळलं की मोटरही सोबत उसळणार, पण दोन गिअरमधलं अंतर बदलणार नाही. आपल्याकडच्या मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनांत मोटर आजही अशीच टांगलेली असते.

2 फेब्रुवारी 1888 ला रिचमंडची सेवा सुरू झाली, पण डोकेदुखी संपली नाही. वीज पडून मोटरी जळायच्या. धातूचे ब्रश भराभर झिजायचे आणि कम्युटेटर खरवडून काढायचे. तो रोग कार्बनच्या ब्रशने बरा केला, आणि तो शोध स्प्रेगचा नव्हे, त्याचा स्पर्धक व्हॅन डेपोलचा. हे सांगायलाच हवं.

बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे अध्यक्ष व्हिटनी यांना शंका होती की एका जागी बरेच डबे अडकले तर सगळे एकदम सुटतील का? स्प्रेगने रात्री 22 डबे रांगेत उभे केले आणि एकामागोमाग एक सोडले. व्होल्टेज धाडकन खाली आलं, दिवे मिणमिणले, पण डबे हलले. बॉस्टनने घोडे सोडले. रिचमंडच्या कामात मात्र स्प्रेगला खिशातून बरीच रक्कम घालावी लागली.

पुढे तो लिफ्टकडे वळला. तिथून सुचलं की गाडीतल्या अनेक डब्यांना मोटरी द्यायच्या आणि सगळ्या एकाच हँडलने चालवायच्या. 1897 च्या चाचणीत ते हँडल त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या हातात होतं! 1934 मध्ये स्प्रेग वारला. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1925 मध्ये, व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावू लागली होती, याच पद्धतीची. परवा घरी जाताना गाडीच्या तोंडाशी जाऊन मोटरमनच्या केबिनमध्ये डोकावलो. त्याने हँडल जरासं फिरवलं, आणि मागे दूरवरचे डबेसुद्धा एकदमच हलले.