सीडी कमांड चालेनाशी झाली तेव्हा: डेनिस रिची यांची गोष्ट

नारायणगावहून खोडदला जीएमआरटी बघायला गेलात, तर तिथे आधी फोन बंद करायला सांगतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे इतके क्षीण रेडिओ सिग्नल पकडतात, की आपल्या खिशातला फोन त्यांच्यासाठी लग्नातला डीजेच. त्या सिग्नलची तीव्रता ‘जान्स्की’ या एककात मोजतात. कार्ल जान्स्की हे अमेरिकेतल्या बेल लॅब्सचे इंजिनिअर. आकाशगंगेतून रेडिओ लहरी येतात हे त्यांनी १९३३ मध्ये जाहीर केलं. आज ज्यांच्याबद्दल लिहितोय ते डेनिस रिची त्याच बेल लॅब्सचे, पण एक पिढी नंतरचे.

त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो एका चुकीमुळे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही जीएमआरटीच्या अर्काइव्हमधला सार्वजनिक डेटा घेतला होता. प्रत्येक निरीक्षणाचा वेगळा फोल्डर. मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली: सीडी करून फोल्डरमध्ये जा, मग आरएम -आरएफ * चालवून तिथल्या तात्पुरत्या फायली पुसून टाक. एका फोल्डरच्या नावात स्पेलिंग चुकलं. सीडी फसली, एरर छापली गेली, आणि स्क्रिप्ट काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या ओळीवर गेली. मी उभा होतो मुख्य फोल्डरमध्ये. तीन आठवड्यांचं काम दोन सेकंदांत साफ. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून सीडीकडे नीट बघायला लागलो, आणि वाचता वाचता रिची सापडले.

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्समध्येच शास्त्रज्ञ होते. डेनिस हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकले, मग उपयोजित गणितात पीएचडीचा प्रबंध लिहिला. पण प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात जमा केलीच नाही, त्यामुळे पदवी काही मिळाली नाही. १९६७ ला ते बेल लॅब्समध्ये लागले. तिथे मल्टिक्स नावाची एक अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीम चालू होती. १९६९ मध्ये बेल लॅब्सनं त्यातून अंग काढून घेतलं. मग केन थॉम्पसन यांनी फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा छोटा कॉम्प्युटर गाठला आणि त्यावर युनिक्स उभं राहायला लागलं. रिची सुरुवातीपासून सोबत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या पहिल्या युनिक्समध्ये एका टर्मिनलला एकच प्रोसेस असायची. कमांड दिली की शेल बाजूला व्हायचा, त्याच जागी कमांडचा कोड यायचा, काम संपलं की शेल परत. एका खोलीत आळीपाळीने राहणारे भाडेकरूच म्हणा. तेव्हा फोल्डर बदलायची कमांड होती सीएचडीआयआर. तीही बाकीच्यांसारखी साधी कमांड. खोली एकच असल्यामुळे तिनं केलेला बदल शेलला आपोआप मिळायचा.

मग थॉम्पसन यांनी फोर्क आणलं. म्हणजे शेल आता बाजूला होत नाही, तो स्वतःची एक प्रत जन्माला घालतो आणि कमांड त्या प्रतीत चालते. यासाठी असेंब्ली भाषेच्या फक्त २७ ओळी लागल्या. सगळं झकास चाललं, आणि सीएचडीआयआर मात्र बंद पडली! फोर्कनं ती कशी मोडली हे कळेना. कोड पुन्हा पुन्हा वाचला, बग काही दिसेना. कारण बग नव्हताच. कमांड आपलं काम चोख करत होती: फोल्डर बदलत होती, पण पोरगी प्रोसेसचा. ती प्रोसेस पुढच्या क्षणी संपायची आणि आई-शेल होता तिथेच. खोडदला घरी बसून धाकट्या भावाला ओतूरला पाठवलंत, तर ओतूरला पोचतो भाऊ. तुम्ही खोडदलाच. शेवटी ही कमांड शेलच्या पोटातच घालावी लागली. आजची सीडीसुद्धा तशीच आहे. ही फजिती जगाला माहीत झाली ती रिचींनीच सांगितली म्हणून. १९७९ मध्ये सिडनीच्या एका परिषदेत त्यांनी युनिक्सचा इतिहास मांडला, त्यात ती आहे. इतक्या मोठ्या माणसानं आपल्या टीमची गडबड अशी मोकळेपणानं लिहून ठेवावी, हे मला फार आवडतं.

गंमत बघा, ज्या गोष्टीनं त्यांना छळलं तीच आज आपल्या कामाची आहे. स्क्रिप्टमध्ये एखादं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये करायचं असेल, तर ते साध्या कंसात घाला: (सीडी फोल्डर && काम). कंसामुळे पोरगी शेल तयार होते, ती तिकडे जाते, काम करते आणि संपते. तुमची स्क्रिप्ट जागची हलत नाही, त्यामुळे परत येण्यासाठी सीडी .. लिहायची भानगड नाही. मधल्या && चा अर्थ, सीडी जमली तरच पुढे जा. माझ्या स्क्रिप्टमध्ये एवढी दोन चिन्हं असती तर ते तीन आठवडे वाचले असते. कंस नको असेल तर सीडी फोल्डर || एक्झिट १ लिहा. आणि फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर ते रिकामं नाही ना, हे आधी तपासा. अवतरण चिन्हाशिवाय रिकामं व्हेरिएबल दिलं तर सीडी गुपचूप होम फोल्डरमध्ये जाते, तक्रारसुद्धा करत नाही. पुशडी-पॉपडीही आहेत, पण मी ते हाताने टाईप करतानाच वापरतो. टार, मेक आणि गिट यांना तर -सी (कॅपिटल) देऊन फोल्डर सांगता येतो, सीडीची गरजच पडत नाही.

रिचींचं सगळ्यात मोठं काम अर्थात सी भाषा. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्यानं लिहिला गेला आणि ते एका मशीनपुरतं उरलं नाही. ब्रायन कर्निघन यांच्यासोबतचं त्यांचं सीवरचं पुस्तक १९७८ चं, आपल्याकडे इंजिनिअरिंगला अजून वापरतात. १९८३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ ला ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ ला न्यू जर्सीतल्या राहत्या घरी ते मृतावस्थेत सापडले. वय ७०, एकटेच राहत होते. स्टीव्ह जॉब्स जाऊन आठवडाच झाला होता, सगळी वर्तमानपत्रं त्यांनी भरलेली. रिचींची बातमी बऱ्याच जणांपर्यंत पोचलीच नाही. आयफोनच्या सिस्टीमची मुळं युनिक्समध्ये आहेत आणि तुमच्या अँड्रॉइडच्या तळाचा लिनक्स कर्नल मुख्यतः सीमध्ये लिहिलेला आहे.

फोनवर टर्मक्स असेल तर फक्त सीडी असलेली एक ओळीची स्क्रिप्ट लिहून चालवा आणि मग पीडब्ल्यूडी टाईप करा. फोल्डर जुनाच दिसेल. आता तीच स्क्रिप्ट आधी एक टिंब आणि स्पेस देऊन चालवा. या वेळी पोरगी प्रोसेस तयार होत नाही, ओळ तुमच्याच शेलमध्ये चालते आणि फोल्डर बदललेला दिसतो.

आणि हो, तो जमा न केलेला प्रबंध. त्याची प्रत २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं लोकांसमोर आणली.