एडवर्ड लिव्हिंगस्टन : जळालेला कायदा पुन्हा लिहिणारा विधिज्ञ

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने १८२१ मध्ये नवी दंडसंहिता तयार करण्याचे काम एडवर्ड लिव्हिंगस्टन यांच्याकडे सोपवले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सरकारचे जुने देणे होते. न्यूयॉर्कचे महापौर व संघ सरकारचे वकील असताना त्यांच्या हाताखालच्या माणसाने वसुलीची रक्कम लंपास केली होती. जबाबदारी स्वतःवर घेऊन, मालमत्ता सरकारच्या स्वाधीन करून ते १८०४ मध्ये न्यू ऑर्लीन्सला आले आणि वकिलीत पुन्हा उभे राहिले.

लुइझियानात गुन्ह्याची व्याख्या इंग्लंडच्या अलिखित कायद्यात शोधावी लागे. लिव्हिंगस्टन यांनी गुन्हे व शिक्षा, फौजदारी प्रक्रिया, पुरावा आणि तुरुंगव्यवस्था अशा चार संहिता सोप्या भाषेत मांडल्या. फाशी त्यांनी पूर्णपणे वगळली. निरपराध माणूस फासावर गेला तर चूक दुरुस्त करता येत नाही. शिवाय शिक्षा अतिकठोर असली की पंच दोषी ठरवायलाच कचरतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. फाशीऐवजी जन्मठेप, बालगुन्हेगारांसाठी सुधारशाळा आणि सुटलेल्या कैद्याला काम देणारे आश्रयगृह त्यांनी सुचवले. सुटकेनंतरच्या पोटापाण्याचा विचार कायद्यातच करणे, हा या योजनेतील सर्वांत दूरदर्शी भाग म्हणावा लागेल. खुन्यांना मात्र आयुष्यभर एकांतकोठडी होती. आजच्या दृष्टीने तीही क्रूरच.

१८२४ मध्ये मसुदा तयार झाला. रात्री उशिरापर्यंत तो तपासून ते झोपले आणि घराला आग लागली. मूळ प्रत व छापखान्यासाठी केलेली नक्कल, दोन्ही जळाल्या. साठीचे लिव्हिंगस्टन पुन्हा लिहायला बसले. दोन वर्षांत काम पुरे झाले; न्यूयॉर्कचे देणेही १८२६ मध्येच त्यांनी व्याजासह फेडले.

लुइझियानाने ही संहिता कधीच स्वीकारली नाही. ग्वाटेमालाने ती काही काळ अमलात आणली, पण बंडाळीत तीही बारगळली. लिव्हिंगस्टन पुढे सिनेटर, परराष्ट्रमंत्री व फ्रान्समधील राजदूत झाले. २३ मे १८३६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी कलकत्त्यात मेकॉलेंच्या आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्यासाठी फ्रेंच संहितेबरोबर लिव्हिंगस्टन यांच्या संहितेचाही आधार घेतल्याचे आयोगाने नमूद केले होते. मसुद्यात खुनासाठी फाशी मात्र कायम राहिली. १८६० मध्ये संमत झालेला तो कायदा ३० जून २०२४ पर्यंत लागू होता. त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी आहे.