बर्गर हे सँडविच आहे का? ज्यांच्या नावावरून हा वाद, ते अर्ल ऑफ सँडविच कोण होते?

हॅम्बर्गरला सँडविच म्हणायचे की नाही, हा प्रश्न टाइमपास वाटेल. पण अमेरिकेत त्यावर कर आणि कोर्टाचे निकाल अवलंबून असतात. न्यूयॉर्क राज्याच्या विक्रीकराच्या यादीत बनमधला हॅम्बर्गर, हॉट डॉग, इतकेच काय बरिटोसुद्धा सँडविच आहे. या हिशेबाने आपला वडापावही सँडविचच ठरेल. याउलट २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका न्यायाधीशांनी बरिटो सँडविच नसल्याचा निकाल दिला. एका शॉपिंग सेंटरने दुसऱ्या सँडविच दुकानाला जागा न देण्याचा करार केला होता, त्यावरून हा खटला होता. सँडविच म्हणजे ब्रेडचे दोन तुकडे, असा तिथला मुद्दा. मग बनचा वरचा भाग एक आणि खालचा एक, असे मोजले तर बर्गर पास होतो.

व्याख्येवर एकमत होत नसेल तर मूळ नमुना बघावा. त्यासाठी १८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावे लागेल.

दहाव्या वर्षी अर्ल

जॉन मोंटेग्यू यांचा जन्म १७१८चा. आजोबांच्या निधनानंतर १७२९ मध्ये, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी ते चौथे अर्ल ऑफ सँडविच झाले. सँडविच हे केंट परगण्यातले एक बंदराचे गाव. पहिल्या अर्लच्या मनात आधी पोर्ट्समथचे नाव होते, असे सांगतात. तसे झाले असते तर आज आपण कॉलेजबाहेर चीज पोर्ट्समथ खात असतो.

ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकल्यावर ते ग्रीस, तुर्कस्तान आणि इजिप्तपर्यंत फिरून आले. पुढे राजकारणात शिरले. १७४८ ते १७५१, मग १७६३ आणि शेवटी १७७१ ते १७८२ असे तीनदा ते ब्रिटिश नौदल खात्याचे प्रमुख होते.

मग सँडविचचा किस्सा खरा की खोटा?

आपल्याला माहीत असलेली गोष्ट अशी : अर्लसाहेब जुगाराच्या टेबलावरून उठायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी ब्रेडमध्ये मांस घालून मागवले. ही गोष्ट पसरवली ती पिएर-जाँ ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशाने. १७६५ मध्ये तो लंडनला आला आणि १७७० मध्ये त्याचे पुस्तक निघाले. चोवीस तास जुगार खेळत बसलेला एक मंत्री भाजलेल्या ब्रेडच्या दोन तुकड्यांत गोमांस घालून खात राहिला, असे त्यात आहे. गंमत म्हणजे मंत्र्याचे नाव त्याने दिलेलेच नाही.

त्याआधीच, नोव्हेंबर १७६२ मध्ये, इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोजनिशीत सँडविच हा शब्द आला होता. लंडनच्या एका क्लबात बडी मंडळी छोट्या टेबलांवर बसून ते खात होती. म्हणजे ग्रोस्ले लंडनला पोहोचण्यापूर्वीच पदार्थाचे नाव रुळले होते. अर्लचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांच्या मते, हा माणूस पत्त्यांपेक्षा कामाच्या टेबलावरच सँडविच खात असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या कामाचा व्याप बघता हेच पटते.

बदनामी मात्र चिकटली

१७६३ मध्ये जुने मित्र जॉन विल्क्स यांच्या नावावरची अश्लील कविता त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वाचून दाखवली. मित्राचा घात करणारा माणूस, असा शिक्का बसला. लोकप्रिय नाटकातल्या दगाबाज पात्रावरून जेमी ट्विचर हे टोपणनाव पडले, ते कायमचे.

घरातही सुख नव्हते. पत्नी डोरोथी मानसिक आजारी झाल्या, १७५५ मध्ये दोघे वेगळे झाले. पुढे गायिका मार्था रे यांच्याशी त्यांचे अनेक वर्षांचे नाते होते, मुलेही होती. ७ एप्रिल १७७९ रोजी कोव्हेंट गार्डनच्या थिएटरबाहेर जेम्स हॅकमन नावाच्या पाद्र्याने एकतर्फी वेडातून मार्था यांना गोळी घातली. बारा दिवसांत हॅकमनला फाशी झाली. अर्ल तेव्हा साठीचे होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश आरमार अडचणीत होते, आणि राजीनाम्याची मागणी सुरूच होती.

त्याच काळात एक काम मात्र झाले. लाकडी जहाजांची बुडे समुद्री किडे पोखरत, म्हणून आरमारातल्या जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकले गेले. जहाजे वेगवान झाली. (खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंडी बोल्ट झपाट्याने गंजतात, हा बारावीच्या केमिस्ट्रीतला धडा आरमाराला महागात शिकावा लागला.) कॅप्टन कुकच्या मोहिमांनाही त्यांचे पाठबळ होते, म्हणून १७७८ मध्ये कुकने हवाईला सँडविच बेटे असे नाव दिले. ते पुढे टिकले नाही. १७८२ मध्ये सरकार गेले, १७९२ मध्ये अर्लही गेले.

आणि बर्गर?

ग्रोस्लेचे वर्णन प्रमाण मानले, तर भाजलेला ब्रेड, मध्ये गोमांस आणि काट्या-चमच्याशिवाय हातात धरून खाणे, एवढ्याच अटी आहेत. बर्गर त्या सगळ्या पूर्ण करतो. न्यू हेवनचे लुईज लंच हे जुने रेस्टॉरंट हॅम्बर्गरचे जन्मस्थान असल्याचा दावा करते, आणि तिथे तो आजही बनमध्ये नाही, टोस्टच्या दोन स्लाइसमध्येच मिळतो. आमचे मत : बर्गर सँडविचच.

अर्लच्या वंशजांनी २००४ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये अर्ल ऑफ सँडविच नावाचे रेस्टॉरंट सुरू केले. मेन्यूतल्या रोस्ट बीफ सँडविचचे नाव आहे द ओरिजिनल १७६२, म्हणजे गिबनच्या रोजनिशीतले वर्ष.